थेंबे थेंबे गाडी गळे

घरात गळती लागली की घरधनी पहिल्या दिवशी तिकडे काणाडोळा करतो, दुसऱ्या दिवशी खाली बादली ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी तिलाच अडखळून विचारतो, "ही बादली वाटेत कोणी ठेवली?" नळ गळो, छप्पर गळो की पाण्याची टाकी गळो, मनुष्यस्वभाव एकच! गळती आरडाओरडा करीत येत नाही. एका थेंबाने काय होणार आहे, असे म्हणायला ती आपल्याला भरपूर अवधी देते. आणि तेवढ्यात व्हायचे ते होऊन बसते.

'घरोघरी यंत्रे' या आपल्या सदरात आजवर शिलाईचे यंत्र, मिक्सर, पंखा अशा घरच्याच मंडळींची दुखणी निघाली. दिवाळी अंकासाठी मात्र एका वाचक भगिनींनी भलताच पाहुणा दारात आणून उभा केला आहे. तो म्हणजे एक विलायती स्पोर्ट्‌स कार!

बाईंचे पत्र थोडक्यात असे : चिरंजीव इंग्लंडात नोकरीला आहेत. हौसेखातर त्यांनी १९७० च्या सुमाराची, दोन माणसांची, उघड्या टपाची एम. जी. बी. गाडी घेतली. चार महिने झाले नाहीत तोच रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले आणि गिअरपेटीखाली जमिनीवर तेलाचे डाग दिसू लागले. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून चिरंजीवांनी ठरविले, की दुरुस्ती घरच्या घरी करायची. "बाबांचे पाने मी बरोबर आणले आहेत," असे ते फोनवर म्हणाले. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. आज ते नाहीत. "मला गाडीतले ओ की ठो कळत नाही," बाई लिहितात, "पण मुलगा परदेशात एकटा, त्या गाडीखाली निजणार, या विचाराने डोळ्याला डोळा लागत नाही. त्याला करू द्यावे, की नको म्हणावे?"

बाई, नको म्हणू नका. एक तर तो ऐकणार नाही. आणि दुसरे, यातले बरेचसे काम नीट डोके वापरणाऱ्या माणसाच्या हातचे आहे. पण सगळे नाही. कोणते काम त्याने करावे आणि कोणते करू नये, हे ठरवायला आपण जरा त्या गाडीच्या पोटात डोकावून पाहू. इतर वाचकांनीही पान उलटू नये; दारात उभी असलेली तुमची गाडी याच जातीची आहे.

एम. जी. ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डच्या पेढीच्या नावातून आली. एम. जी. बी. हे मॉडेल १९६२ साली निघाले आणि ॲबिंग्डन गावचा तो कारखाना १९८० साली बंद होईपर्यंत चालले. एवढ्या अवधीत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. म्हणूनच तिचे सुटे भाग इंग्लंडात अजूनही सहज मिळतात, ही चिरंजीवांच्या दृष्टीने मोठीच सोय. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षे होते. तेव्हा बाई, तुम्ही कधी काळी ॲम्बॅसेडरमध्ये बसून लग्नाला गेला असाल, तर या विलायती पाहुण्याच्या चुलतभावाशी तुमची जुनी ओळख आहे.

आता पाण्याची गोष्ट. इंजिनात पेट्रोल जळते त्याची बरीच उष्णता चाकापर्यंत न जाता लोखंडातच राहते. ती वाहून नेण्यासाठी इंजिनाच्या अंगातून पाणी खेळविलेले असते. पट्ट्यावर फिरणारा पंप ते पाणी ढकलतो, रेडिएटरच्या जाळीत ते वाऱ्याने निवते आणि पुन्हा कामाला लागते. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे. ते प्रेशर कुकरच्या शिटीचे भावंड आहे. ते दर चौरस इंचाला १० पौंडांचा दाब धरून ठेवीत असेल, तर आतले पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे ११५ अंशांपर्यंत तग धरते. कुकरचे रबर सैल झाले की वाफ निसटते आणि डाळ शिजत नाही. इथे दाब निसटला की इंजिनच शिजू लागते. जुन्या गाडीतून खंडाळ्याचा घाट चढलेल्या मंडळींना बॉनेट उघडून, पाण्याचा डबा हातात घेऊन रस्त्याकडेला उभे राहण्याचा तो प्रसंग आठवेल.

तर पहिला प्रश्न : गळती खरोखर आहे का? हसू नका. त्या काळच्या एम. जी. बी. ला जादा पाणी साठवायची वेगळी टाकी नव्हती. रेडिएटर काठोकाठ भरला, की तापल्यावर फुगलेले पाणी बारीक नळीवाटे रस्त्यावर जाते. मालक सकाळी पाहतो, तो पातळी इंचभर खाली! तो पुन्हा काठोकाठ भरतो, गाडी पुन्हा तेवढेच ओकते. असा हा खेळ महिनोन्‌महिने चालू शकतो. म्हणून पातळी एकदा इंचभर खाली ठेवावी, खूण लक्षात ठेवावी आणि आठवडाभर फक्त पाहावे. पातळी तिथेच राहिली, तर दुरुस्ती फुकटात झाली.

पातळी आणखी खाली गेली, तर शोध सुरू. इथे उतावीळ मनुष्य बाजारातून गळती बुजविणारे औषध आणतो. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकीत, त्यातलाच हा प्रकार. आडरानात अडकल्यावर घर गाठायला हळद ठीक. पण जो चिखल बारीक भोक बुजवितो, तो रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवितो. रोग्याच्या तोंडात बोळा कोंबून खोकला थांबविण्यासारखेच ते!

शोधाचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा. आधी रबरी होज. इंजिन थंड असताना ते दाबून पाहावेत. भेगाळलेला, फुगलेला किंवा मऊ पडलेला होज बदलावा, क्लिपा आवळाव्यात. मग पाण्याचा पंप पाहावा. त्याच्या पोटाखाली एक लहानसे भोक असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकावाटे बाहेर पडावे, म्हणून कारखान्यानेच ते ठेवलेले असते. तिथे ओलावा किंवा वाळलेल्या पाण्याचा पांढुरका-हिरवट ओघळ दिसला, तर भोक बुजवायचे नाही, पंप बदलायचा. मग रेडिएटरचे सांधे. मग हीटरची तोटी आणि हीटर. गाडीतला गालिचा ओला, काचेवर दमट धुके आणि गोडसर वास, अशी तिन्ही लक्षणे एकदम दिसली, तर गळती बाहेर नसून आत बसायच्या जागी आहे, असे समजावे. मग इंजिनाच्या अंगावर बसविलेल्या पत्र्याच्या वाटोळ्या टोप्या. गंजविरोधी औषध न घातलेल्या इंजिनात त्या आतून गंजत येतात आणि एके दिवशी भोक पडते. हे सारे डोळ्यांनी सापडले नाही, तर रेडिएटरच्या तोंडावर बसणारा एक हातपंप मिळतो. थंड इंजिनात दाब भरून ठेवायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचे. लपलेला थेंब तो बाहेर काढतो.

खाली थेंब नाही, होज कोरडे, पंप कोरडा, आणि तरी पाणी कमी होते, असे असेल तर मात्र गंभीर व्हावे. मग पाणी इंजिनाच्या आतच चालले आहे. तेलाच्या झाकणाखाली दह्याच्या सायीसारखा फेस, नळीतून थांबता न थांबणारा पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ही हेड गॅस्केट गेल्याची चिन्हे. अशी गाडी चालवूच नये. पाण्यावाचून तापलेल्या इंजिनाचे बिडाचे डोके वाकडे होते किंवा तडकते, आणि दहा मैलांच्या हट्टापायी सबंध इंजिनाचा खर्च अंगावर येतो.

आता तेल. गिअरपेटीत दातेरी चक्रे तेलात बुडून फिरतात. या गाडीच्या पेटीत मॉडेलप्रमाणे अडीच ते साडेतीन लिटर तेल मावते. गंमत अशी, की यात जाड गिअरतेल नव्हे, तर इंजिनात घालतात तेच २०-५० जातीचे तेल घालायचे, असे कंपनीच्या पुस्तकात सांगितले आहे. मागच्या धुऱ्याला लागणारे उग्र वासाचे तेल इथे घातले, तर त्यातली द्रव्ये पेटीतल्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. म्हणजे जमिनीवरचा डाग इंजिनाचा की गिअरपेटीचा, हे वासावरून कळायचे नाही. मग कसे कळावे? रंगावरून. इंजिनाचे तेल धुराच्या संगतीत काळे पडते; गिअरपेटीचे तेल बहुधा मधासारखे राहते. आणि दुसरा साक्षीदार म्हणजे पातळी. दोन्हीकडची पातळी मोजून वहीत लिहावी. जिची उतरेल ती गुन्हेगार.

जुन्या इंग्रजी गाड्यांच्या शौकिनांत एक थट्टा चालते, की गाडीखाली तेल दिसेनासे झाले तर आनंदू नका, आतले तेल संपले असेल! थट्टा सोडा, पण गळतीची जागा ठरविताना एक चूक हटकून होते. गाडी धावत असताना वारा तेलाला मागे ढकलतो, आणि गुरुत्वाकर्षण खाली ओढते. तेव्हा थेंब जिथे पडतो ती जागा गळतीची नव्हे. ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी. त्यासाठी पेटी बाहेरून स्वच्छ धुऊन, कोरडी करून तिच्यावर अंगाला लावायची साधी पावडर शिंपडावी आणि गाडी चार-पाच मैल फिरवून आणावी. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट रांगोळीच्या रेघेसारखी उमटते.

ती वाट तळच्या बुचापाशी निघाली, तर तांब्याचा वायसर बदलला की काम झाले. वेगमापकाच्या तारेपाशी निघाली, तर तिथले लहान सील बदलावे. पेटीच्या मागच्या टोकाला, जिथे चाकांकडे जाणारा लांब दांडा जोडला आहे, तिथे निघाली, तर मागचे ऑईल सील गेले. हे सील म्हणजे रबराचा ओठ असलेले एक कडे. ओठामागे बारीक स्प्रिंगचे वेटोळे असते, आणि तो ओठ फिरत्या दांड्याला अलगद चिकटून तेल अडवितो. दांडा सोडवून, जुने सील काढून नवे बसविता येते. ओठाची बाजू तेलाकडे, ओठाला बसविण्यापूर्वी तेलाचे बोट, आणि ठोकताना चारही अंगांनी सारखे, एवढी पथ्ये पाळावीत. दांड्यावर जुन्या सीलने खाच पाडली असेल, तर नवे सीलही गळेल, हे आधी हात फिरवून पाहावे. इथवरचे काम चिरंजीवांनी खुशाल करावे.

पण पेटी आणि इंजिन जिथे जुळतात, त्या घंटेच्या आकाराच्या कवचाखाली एक भोक आहे आणि त्यात एक सैल पिन हलत असते. भोक तुंबू नये म्हणून ती ठेवलेली. तेल तिथून ठिबकत असेल, तर एक तर इंजिनाचे मागचे सील गेले आहे किंवा गिअरपेटीचे पुढचे. दोन्हीपैकी कोणतेही असो, तिथवर पोचायला इंजिनच बाहेर काढावे लागते, आणि या गाडीत बहुधा इंजिन व पेटी दोन्ही एकत्रच वर उचलतात. दीडशे किलोंहून जास्त वजनाचे ते धूड साखळीला टांगून बाहेर काढणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. इथे चिरंजीवांनी हौस आवरून गॅरेजवाल्याकडे जावे, किंवा उचलण्याचे यंत्र आणि अनुभवी साथीदार मिळेल तेव्हाच हात घालावा. उघडलेच, तर दोन्ही सील आणि क्लचची पाटी एकदमच पाहून घ्यावी. दहा रुपयांच्या वस्तूसाठी तोच डोंगर दोनदा कोणी खणू नये.

मग घाई कशाची करावी? पाण्याची. पिनेवरून दिवसाला थेंब-दोन थेंब पडणारे तेल, पातळी राखली आणि क्लच घसरत नसला, तर काही महिने थांबू शकते. पाणी थांबत नाही. चिरंजीवांना एवढे सांगा, की आधी पाणी, मग तेल. आणि पाण्याचा निकाल लागेपर्यंत लांबचा प्रवास नाही.

पाणी पुन्हा भरताना नुसते नळाचे भरू नये. इंग्लंडच्या थंडीत ते गोठते, गोठताना फुगते आणि बिडाचे लोखंड फोडते. शुद्ध पाणी आणि ग्लायकॉलचे शीतक निम्मे-निम्मे घेतले, तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी "आमच्याकडे कुठे बर्फ पडतो?" असे म्हणू नये. त्या शीतकात गंज अडविणारी द्रव्ये असतात, त्यांची गरज दादरलाही आहे आणि नागपूरलाही. शिवाय जड पाण्याचे किटण आपल्या चहाच्या भांड्यात चढते तसेच रेडिएटरमध्येही चढते. भरताना हीटरची तोटी उघडी ठेवावी, सावकाश भरावे आणि आत कोंडलेली हवा निघून गेल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

आता बाई, तुमच्या झोपेचा प्रश्न. चिरंजीवांकडून चार वचने घ्या, आणि तोंडी नको, लिहून घ्या.

पहिले : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तो कधीही, अर्ध्या मिनिटासाठीसुद्धा जाणार नाही. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. सपाट, टणक जमिनीवर, चाकांना ठोकळे लावून, गाडी लोखंडी तिवयांवर टेकवायची. बाहेर उभे राहून तिला जोराने हलवून पाहायचे. हलली नाही तरच खाली जायचे. जॅक निसटून माणसे जिवानिशी गेली आहेत, म्हणून हे वचन सर्वांत आधी.

दुसरे : गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडणार नाही. कुकरची शिटी पडण्यापूर्वी झाकण ओढणारी गृहिणी जशी भाजते, तसाच इथला प्रकार. फक्त भांडे मोठे.

तिसरे : काढलेले शीतक उघड्या पातेल्यात ठेवणार नाही आणि गटारात ओतणार नाही. ते चवीला गोड असते आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटून मरतात, आणि लहान मुलांनाही ते तितकेच घातक. त्याच दिवशी बंद डब्यात भरून, नाव लिहून, नगरपालिकेच्या ठरलेल्या जागी नेऊन द्यावे.

चौथे : काम करताना कोणाला तरी सांगून ठेवील, आणि संपल्यावर तुम्हाला फोन करील. या वचनाचा गाडीशी संबंध नाही. पण आईला झोप लागणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

राहता राहिले वडिलांचे पाने. ते जुन्या व्हिटवर्थ मापाचे असतील, तर या गाडीच्या नटांना बहुतेक बसणार नाहीत. हिला दुसऱ्या प्रकारच्या इंची मापाचे पाने लागतात. चुकीचा पाना रेटला, की नटाचे कोपरे जातात आणि पाच मिनिटांचे काम पाच तासांचे होते. ते पाने त्याने जवळ अवश्य ठेवावेत. पण कामाला योग्य मापाचा संच विकत आणावा. त्याचे वडील फिटर होते. बसत नाही तो पाना खाली ठेवावा, हे त्यांनीही त्याला पहिल्याच दिवशी सांगितले असते.

दुरुस्ती झाली हे ओळखायची खूण मात्र कोणत्याही पुस्तकाहून सोपी आहे. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे, चारही चाकांच्या जागा पेन्सिलीने मांडाव्यात आणि सकाळी उठून पाहावे. डाग नसला तरी पातळ्या वहीत लिहाव्यात. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा, महिन्याने पुन्हा. तीनदा आकडा तोच आला, म्हणजे गळती गेली. वाचकांनीही या दिवाळीत फराळाच्या धांदलीतून पाच मिनिटे काढून आपल्या गाडीच्या शीतकाची पातळी खालच्या-वरच्या रेघेच्या मधे आहे ना, एवढे इंजिन थंड असताना पाहून घ्यावे. सुटीत घाट चढायचा असेल, तर नक्कीच.

पुढच्या खेपेस इमारतीच्या गच्चीवरील टाकीचा आणि तिच्या पंपाचा समाचार घेऊ. तोवर सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा!